चाकाखालचा दगड

कुटुंबाच्या मासिकात ट्रॅक्टरच्या ब्रेकवर लेख पाहून आमच्या वाचकांस, विशेषतः वाचक भगिनींस, थोडे नवल वाटण्याचा संभव आहे. आरोग्य, बालसंगोपन, व्रतवैकल्ये, साहित्य इत्यादी विषय सोडून हा तेलामातीचा विषय या पानांत कशास, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर एवढेच की, ट्रॅक्टर आता केवळ शेतातली वस्तू राहिलेली नाही. तो अंगणात आला आहे. जेथे पूर्वी बैलगाडी सोडलेली असे तेथेच तो रात्रंदिवस उभा असतो. त्याच्या सावलीत मांजर निजते, त्याच्या चाकावर मुले चढतात, आणि त्याच्यापासून दहा हातांवर घरातील स्त्रिया वाळवणे घालतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबे पुण्यास, नागपुरास वा मुंबईस राहात असली तरी त्यांची नावे अद्याप वऱ्हाडातील सातबाऱ्यावर आहेत. शेती भाऊबंद पाहतात किंवा ती बटईने दिलेली असते, आणि सुटीत गावी गेलेली मुले खेळतात ती त्याच अंगणात.

ट्रॅक्टर किती ओढतो, तासाला तेल किती पितो, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. तो उभा कसा राहतो, हे विचारणारा मनुष्य आम्हांस आजवर भेटला नव्हता, आणि आम्हीही ते कधी कोणास विचारले नव्हते. ते विचारण्याची पाळी आमच्यावर कशी आली, ते प्रथम सांगतो.

आमचा बुलढाणा जिल्हा दोन भागांचा आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट काळ्या मातीचा मुलूख, त्यास ‘घाटाखालचा’ म्हणतात. आणि बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा पठारावरील चढउतारांचा मुलूख, तो ‘घाटावरचा’. बुलढाण्याहून मलकापुराकडे उतरू लागले म्हणजे राजूरचा घाट लागतो, खामगावाकडे निघाले म्हणजे बोथ्याचा. घाटावरच्या गावांत सपाट जागा अशी थोडीच. घरे उंचवट्यावर, रस्ता खाली, आणि दोहोंच्या मध्ये अंगण; तेव्हा अंगणास ढाळ हा असावयाचाच. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून वाडवडिलांनी तो मुद्दाम राखलेला असतो. आमचेही घर असेच आहे. आमचा पुतण्या तेथे राहून शेती पाहतो. सोयाबीन, तूर आणि थोडा हरभरा, एवढा त्याचा व्याप. काही वर्षांपूर्वी त्याने पस्तीस अश्वशक्तीचा एक जुना ट्रॅक्टर घेतला. सालदार आहे, तोच तो चालवितो. या सालदारास चौथीपर्यंत आम्हीच शिकविले आहे.

ट्रॅक्टरची बॅटरी दुबळी झाली होती. नवी घेण्याऐवजी आम्ही सर्वांनी मिळून एक युक्ती काढली होती, आणि ती अशी की, ट्रॅक्टर नेहमी अंगणाच्या वरच्या टोकास, तोंड उताराकडे करून उभा करावयाचा. सकाळी किल्लीने सुरू न झाला तर न्यूट्रलमध्ये सोडून द्यावयाचा आणि वेग आला म्हणजे गिअर टाकून सुरू करावयाचा. ही युक्ती खेड्यापाड्यांतून इतकी रूढ आहे की, तिला कोणी युक्तीही म्हणत नाही. परंतु अशा जागी उभ्या केलेल्या यंत्रास धरून ठेवण्याचे काम कोणाचे? ते ब्रेकचे. आणि ब्रेक धरीत नव्हता.

हे सालदाराने प्रथम पाडव्याच्या सुमारास पुतण्यास सांगितले. पुतण्या म्हणाला, पेरणीपूर्वी पाहू. अक्षय्यतृतीयेस त्याने ते पुन्हा सांगितले. तेव्हा हातात पैसा नव्हता. त्यानंतर आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो असता तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “गुरुजी, ब्रेक धरत नाही. दर बारीले गोटा लावा लागते. तुमी तरी सांगा.” आम्ही चष्म्यावरून पाहिले आणि उत्तर दिले, “गोटा आहे ना? मग झाले.” हे आमचे शब्द आहेत. ते येथे लिहिताना आम्हांस जड जात आहे. परंतु तेच वगळले तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. वैशाखाचे दिवस असल्यामुळे अंगणाच्या खालच्या अंगास, कडुलिंबापाशी, दोन बाजा टाकून त्यांवर घरातील मंडळी कुरडया घालीत होती. वरच्या टोकास ट्रॅक्टर उभा, मागे शेणखताने भरलेली ट्रॉली जोडलेली. खत दुसऱ्या दिवशी शेतात न्यावयाचे होते. पुढल्या चाकाखाली नेहमीचा दगड होता. सकाळी अंगणात सडा घातलेला असल्यामुळे जमीन निसरडी झाली होती. चीक संपला म्हणून मंडळी उठून आत गेली, तोच तो दगड निसटला. आवाज असा काहीच झाला नाही. इंजिन बंद, त्यामुळे एवढे मोठे यंत्र मुकाट्याने उतरू लागले. गोठ्यापाशी असलेल्या सालदाराने ते पाहिले. बाजांजवळ कोणी आहे की नाही, हे त्यास तेथून दिसत नव्हते. तो धावला, दगड उचलला आणि मागच्या चाकापुढे दाबून धरू लागला. चाक दगडावर चढले, दगड उडाला आणि त्याचा उजवा हात सापडला. ट्रॅक्टर एक बाज मोडून लिंबाच्या बुंध्यास जाऊन थांबला.

घरातील कोणास इजा झाली नाही. सालदाराच्या उजव्या हाताच्या करंगळीचे टोक काढावे लागले, आणि शेजारचे बोट आता वाकत नाही. गाईची धार तो डाव्या हाताने काढावयास शिकला आहे. औषधपाण्याचा खर्च पुतण्याने केला आणि साल पुरे होईपर्यंतचा पगारही दिला; हे आम्ही औदार्य म्हणून सांगत नाही, ते देणेच होते. पहिल्या संतापात पुतण्या म्हणाला होता, “तो मध्ये पडला कशाला?” आम्ही तसे मोठ्याने म्हटले नाही इतकेच, आमच्याही मनात तेच आले होते. वास्तविक प्रश्न निराळा होता. ज्याने तीनदा सांगितले त्यासच शेवटी हात घालावा लागला, हे कसे?

शाळामास्तराची खोड जात नाही. त्या रात्री झोप येईना तेव्हा आम्ही पाटीवर हिशेब मांडला. या जातीच्या ट्रॅक्टरचे वजन अठराशे किलोच्या आसपास असते. ट्रॉली आणि तीतील खत मिळून चार हजार किलो धरू. एकूण अठ्ठावन्नशे किलो. अंगणाचा ढाळ दहा हातांस एक हात. अशा ढाळावर कोणत्याही वस्तूस खाली ओढणारे बळ तिच्या वजनाच्या सुमारे एक दशांश असते, हे शाळेत शिकविलेलेच आहे. म्हणजे मातीचा अडथळा हिशेबात न धरता पाचशे ऐंशी किलोचे बळ त्या ट्रॅक्टरास अखंड खाली ओढीत होते, आणि त्यास अडविण्यासाठी आम्ही पाच किलोचा एक गोलसर दगड ठेवला होता. मोकळा ट्रॅक्टर असता तर हेच बळ एकशे ऐंशी किलो भरले असते. इतके दिवस दगड टिकला तो मोकळ्या ट्रॅक्टराखाली, कोरड्या जमिनीवर. त्या दिवशी ओढ तिपटीहून अधिक वाढली आणि जमीन ओली झाली. यात दैवाचा भाग फारसा नव्हता, गणिताचा होता.

आता ब्रेकविषयी. मोटारीस चारही चाकांवर ब्रेक असतो. आपल्याकडील सामान्य ट्रॅक्टरास तो मागील दोन मोठ्या चाकांवरच असतो, आणि उजव्या व डाव्या चाकाचे पायटे निरनिराळे असतात. शेताच्या टोकास वळताना एका बाजूचा पायटा दाबला की ते चाक थबकते आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती थोड्या जागेत फिरतो. यासाठी ही योजना आहे. रस्त्यावर मात्र दोन्ही पायटे एका पट्टीने जोडून ठेवावयाचे असतात, म्हणजे दोन्ही चाके सारखी धरली जातात. ट्रॉलीस पुष्कळदा स्वतःचा ब्रेकच नसतो. तेव्हा तिचा सारा भार ट्रॅक्टरच्या त्या दोन चाकांनीच पेलावयाचा.

उभे करून ठेवण्याच्या ब्रेकला पार्किंग ब्रेक किंवा हँडब्रेक म्हणतात. काही ट्रॅक्टरांस त्याचा स्वतंत्र दांडा व तार असते. आमच्यासारख्या जुन्या ट्रॅक्टरास तसे काही नाही. तेथे पायट्याशी दात असलेली एक लोखंडी चकती असते, आणि तिच्यावर पडणारी एक खिटी. चालकाने दोन्ही पायटे पायाने दाबावयाचे, हाताने लहानशी मूठ ओढावयाची, खिटी दातात बसली की पाय काढून घ्यावयाचा. खिटी पायट्यास वर येऊ देत नाही. सारांश, हा ब्रेक म्हणजे चालक उतरून गेल्यावर मागे ठेवलेला त्याचा पाय होय. पायाने जेवढे दाबले असेल तेवढेच खिटी धरून ठेवते, अधिक नाही. आणि पायानेच ब्रेक लागत नसेल तर खिटी बिचारी काय धरणार?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत मोटार वाहनास पायाचा ब्रेक आणि उभे करण्याचा ब्रेक अशा दोन कार्यक्षम व्यवस्था असाव्यात असे सांगितले आहे. कायद्यानेही चालते वाहन थांबविणे आणि थांबलेले वाहन थांबवून ठेवणे ही दोन कामे वेगळी मानली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आमच्या घरात पहिल्या कामाची काळजी असे, कारण त्यावाचून रस्त्यावर जाता येत नाही. दुसरे काम दगडाकडे सोपविले होते.

तालुक्याच्या गावाहून एक वयस्क मिस्त्री आला. त्याने काम कोणत्या क्रमाने केले ते आम्ही शेजारी बसून पाहिले, आणि ते वाचकांसाठी लिहून ठेवीत आहोत. वाचकांनी स्वतः पाना हाती घ्यावा हा हेतू नाही. काम करून घेताना काय विचारावे हे कळावे, एवढाच हेतू आहे.

त्याने प्रथम ट्रॅक्टर सपाट जागेवर नेला, ट्रॉली सोडविली, इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, आणि मग चाकांना पुढून व मागून उटी लावली. उटी म्हणजे तिरकस कापलेला लाकडी ठोकळा. ट्रकवरच्या क्लीनरजवळ असतो तसा. तिचा उतरता भाग चाकाच्या गोलाईस मिळतो आणि चपटा तळ जमिनीस धरतो. गोल दगडास दोन्ही गुण नसतात. “मास्तर, दगड हा लोटण्याकरताच असतो,” असे तो म्हणाला. मग त्याने हत्यारास हात न लावता नुसता शोध केला, आणि एकामागून एक पाच दोष निघाले.

पहिला दोष, दोन्ही पायटे जोडणारी पट्टी केव्हाच पडून गेली होती. त्यामुळे खिटी लावली तरी ती उजव्या पायट्यासच धरून ठेवी. डावे चाक मोकळे राही. येथे आम्ही शंका काढली की, एक चाक तर धरलेले होते ना? मिस्त्रीने समजावले की, मागील दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची पेटी असते. वळताना बाहेरचे चाक अधिक फिरावे म्हणून ती असते. पण तिच्याचमुळे गिअर न्यूट्रलमध्ये असता एक चाक धरले तरी दुसरे खुशाल फिरू शकते. मग ट्रॅक्टर धरलेल्या चाकाभोवती फिरतो, किंवा मागून ट्रॉलीचा लोंढा असल्यास ते धरलेले चाकही घसरत जाते.

दुसरा दोष, पायट्याची मोकळी चाल फार वाढली होती. ब्रेकचे अस्तर झिजत जाते तसा पायटा अधिक खाली जाऊ लागतो. आमचा पायटा तळाला टेकू लागला तरी ब्रेक जेमतेमच लागे. तेव्हा खिटी शेवटच्या दातावर जाऊनही आत काहीच आवळलेले नसे. तिसरा दोष, खिटीचे टोक झिजून वाटोळे झाले होते, आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंग ढिली पडली होती. चौथा, तिच्या खिळीत चिखल व गंज बसल्यामुळे ती पुरती खाली पडतच नव्हती. वरून पाहणाऱ्यास मात्र बसल्यासारखी दिसे. पाचवा दोष सर्वांत खोल होता. डाव्या बाजूच्या आसाचे तेलसील गळत होते, आणि ते तेल ब्रेकच्या अस्तरावर जात होते. हल्लीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलातच बुडविलेले असतात व ते त्यासाठीच बनविलेले असतात. आमचा जुना, कोरड्या ब्रेकचा. त्याच्या अस्तरास तेल लागणे म्हणजे पहिलवानाच्या हातास तूप लागणे.

दुरुस्तीचा क्रमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आमची अपेक्षा अशी की, खिटी बदलली की काम संपले. मिस्त्रीने ती सर्वांत शेवटी बदलली. आधी चाक उतरवून तेलसील नवे घातले. सील न बदलता अस्तर बदलणे म्हणजे नवे अस्तर पुन्हा तेलात घालणे. मग अस्तर बदलले, आणि ते दोन्ही बाजूंचे. एकीकडे नवे व दुसरीकडे जुने ठेवले तर ट्रॅक्टर एका अंगास ओढतो. तेल प्यालेले अस्तर पेट्रोलने धुऊन वापरू, असे पुतण्याने सुचविले होते. ते त्याने ऐकले नाही, कारण तेल आत मुरलेले असते आणि अस्तर तापले की पुन्हा वर येते. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या दांड्यांची लांबी नटाने कमीजास्त करून पायट्यांची मोकळी चाल पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आणि दोहोंची अगदी सारखी करून घेतली. नवी जोडपट्टी बसविली. आणि मग खिळी साफ करून, तेल देऊन, नवी खिटी व नवी स्प्रिंग घातली. झिजलेल्या खिटीवर वेल्डिंगचा थर देऊन घासून घ्यावी, अशीही सूचना आली होती. मिस्त्री म्हणाला की, खिटीचे टोक पाणी देऊन कठीण केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कठीणपणा जातो, आणि मग ती वरून नवी दिसली तरी चार दिवसांत पुन्हा वाटोळी होते.

काम झाल्यावर परीक्षा. मोकळ्या शेतात हळू चालवून, जोडलेले पायटे एकदम दाबले. दोन्ही चाकांच्या खुणा मातीत सारख्या उमटल्या. मग थोड्या ढाळावर ट्रॅक्टर उभा करून, चाकापासून वीतभर अंतरावर उटी ठेवून, खालच्या बाजूस कोणासही उभे राहू न देता खिटी लावली. चार दातांवर ती बसली, आणि पुढे दात शिल्लक राहिले. हीच खरी खूण होय. खिटी शेवटच्या दातावर जाऊन बसू लागली की, ब्रेक आवळून घेण्याची वेळ झाली असे समजावे. हे पाहण्यास मिस्त्रीची गरज नाही. कानांनी मोजता येते.

दुबळी बॅटरीही त्याच दिवशी बदलली. उतारावर उभे करण्याचे कारण तीच होती. कारण ठेवून नुसता परिणाम बदलला असता, तर चार महिन्यांनी आम्ही पुन्हा तेथेच आलो असतो. सर्व खर्च धरून जी रक्कम झाली ती सालदाराच्या औषधपाण्याच्या खर्चाहून कमी होती. याहून अधिक आकडे देण्याची आम्हांस इच्छा नाही.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिले पाहिजे. ब्रेक बिघडला तर ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवावा, म्हणजे झाले, असे पुष्कळ लोक सांगतात. गिअरमध्ये ठेवणे चांगलेच. तोंड उताराकडे असल्यास मागचा गिअर व चढाकडे असल्यास पहिला, असा संकेत आहे. परंतु गिअरमध्ये धरणारे बळ इंजिनात कोंडलेल्या हवेचे असते, आणि जुन्या इंजिनात ती हवा निसटत जाते. मग यंत्र थांबत थांबत पुढे सरकते. शिवाय ट्रॅक्टरास बहुधा जलद व मंद असा आणखी एक दांडा असतो. तो मध्यावर राहिला तर गिअर टाकून काहीच उपयोग नाही. आणि सर्वांत घातक गोष्ट अशी की, किल्ली बिघडली म्हणून पुष्कळ ठिकाणी चाकाशेजारी जमिनीवर उभे राहून स्टार्टरवर पेचकस टेकवून इंजिन सुरू करतात. त्या वेळी ट्रॅक्टर गिअरमध्ये असल्यास तो तत्काळ उडी घेतो, आणि त्याचे मागचे चाक कोठे असते ते सांगावयास नको. एक दोष झाकण्यासाठी केलेला उपाय दुसऱ्या दोषास असा हात देतो. म्हणून ब्रेक, गिअर आणि उटी ही तिन्ही एकमेकांच्या मदतीस असावीत. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. मागे नांगर किंवा मोगडा, ज्यास आमच्याकडे पंजी म्हणतात, जोडलेला असल्यास तो जमिनीवर टेकवूनच उतरावे. किल्ली काढून घरात ठेवावी. आणि चालत्या चाकापुढे दगड टाकावयास कोणीही, कधीही धावू नये. यंत्र मोडले तर दुरुस्त होते.

आमच्या लहानपणी याच अंगणात बैलगाडी असे. भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली आयशर कंपनीने फरीदाबादेस बाहेर काढला. १९६३ साली महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत ट्रॅक्टरचा कारखाना काढला. आमच्या गावी ट्रॅक्टर यावयास त्यानंतरही बरीच वर्षे लागली. तोवर सारे अंगण, सारा दिनक्रम बैलाच्या मापाने घडलेला. बैलास उभे करावे लागत नाही. जू उतरले की तो आपोआप उभा राहतो, आणि कोणी मूल पुढ्यात आले तर स्वतःच पाय आवरतो. त्यास आपले वजन आपणच सांभाळता येते. ‘ट्रॅक्टर’ हा शब्द ओढणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. थांबण्याचा बोध त्याच्या नावात नाही, आणि स्वभावातही नाही. आम्ही मात्र त्यास दमून उभा राहिलेला बैल समजत होतो. पोळ्यास बैलाला ओवाळावे त्याच भावाने दसऱ्यास ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालीत होतो. त्याच्या पायट्याखाली वाकून कधी पाहिले नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे, म्हणजे धरून ठेवण्याच्या बळाचे, तीन प्रकार सांगितले आहेत. आम्ही ते वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतले. त्यांतील तामसी धृती अशी की, मनुष्य निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांस धरून बसतो व ती सोडीत नाही. धरून ठेवणे हा नेहमी गुणच असतो असे आम्ही समजत होतो. ‘आजवर चालले आहे ना,’ हे वाक्य आम्ही किती घट्ट धरून बसलो होतो, हे त्या दिवशी कळले. ब्रेक धरीत नव्हता; आमचा आळस मात्र उत्तम धरीत होता.

आणखी एक गोष्ट. घरात यंत्र चालविणारा बहुधा घरचा मालक नसतो. जो त्यावर रोज बसतो त्याच्या पायास जे कळते ते हिशेबाच्या वहीस कळत नाही. पायटा आज एक बोट अधिक खाली गेला, खिटीचा आवाज पोकळ येतो, डाव्या चाकाशी तेलाचा डाग आहे, या बातम्या त्याच्याकडूनच यावयाच्या. तो त्या सांगतो तेव्हा त्याच्या बोलण्यात व्याकरण नसेल, यंत्राच्या भागांची नावे नसतील. ‘धरत नाही’ एवढेच असेल. तेवढे पुरे आहे. आमच्या शाळेत त्यास आम्ही उत्तर एकदाच व स्पष्ट द्यावे असे शिकविले होते. त्याने ते स्पष्टच दिले होते. तीनदा द्यावे लागले, हा दोष ऐकणाऱ्यांचा.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी ट्रॅक्टर असेल त्यांस आमची विनंती आहे की, येत्या दसऱ्याची वाट न पाहता या आठवड्यातच चालविणाऱ्यास जवळ बोलावून विचारावे, “ब्रेक धरतो का?” तो क्षणभर थांबला तरी उत्तर मिळाले असे समजावे. अंगणाचा ढाळ संपतो तेथे खाट, पाळणा किंवा वाळवण असू नये. ट्रॅक्टरचे तोंड घराकडे वा रस्त्याकडे न करता बांधाकडे किंवा भिंतीकडे असावे. आणि ज्या घरी चाकाखाली रोज दगड लागतो, तेथे तो दगड म्हणजे न केलेली दुरुस्ती होय, हे ध्यानात धरावे.

आमचा सालदार अद्याप तोच ट्रॅक्टर चालवितो. तो आता अंगणाच्या कडेस सपाट केलेल्या जागी उभा असतो, चाकांशी दोन उट्या असतात. संध्याकाळी तो पायटे दाबतो आणि मूठ ओढतो तेव्हा ओसरीवर आम्हांस खिटीचे दात ऐकू येतात, आणि आम्ही हातातले वर्तमानपत्र खाली ठेवून ते मोजतो. चार आले की पुन्हा वाचू लागतो. परवा पाच आले. आम्ही उठून पुतण्यास सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला.